काबाईने मोजलेली टाकी

तिचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर तेवढं होतं. बाकी सगळीकडे ती काबाई. हे नाव तिला चौदाव्या वर्षी, शाळेच्या शेवटच्या दिवसामुळे मिळालं. शेवटचा म्हणजे तिचा शेवटचा. शाळा पुढे व्यवस्थित चालू राहिली.

त्या दिवशी भूमितीच्या गुरुजींनी फळ्यावर दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "समजा, या दोन रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत."

मागच्या बाकावरून हिने विचारलं, "का?"

"का म्हणजे? समजा म्हटलं ना."

"पण का समजायचं? फळा संपला म्हणून रेघ संपली. पुढे कुठेतरी जाऊन मिळत असल्या तर?"

वर्ग खो खो हसला. गुरुजींना वाटलं पोरगी आपली टर उडवते आहे. त्यांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावून सांगितलं की मुलगी उलट बोलते. वडील ताडपत्रीच्या कारखान्यात कामाला होते. शाळेत बोलावलं गेलं हाच त्यांना अपमान वाटला. "उलट बोलायला शाळा कशाला हवी? ते घरी बसूनही जमतं," असं म्हणाले आणि तिला आपल्याबरोबर कारखान्यात न्यायला लागले. वाटेत शाळेतली पोरं ओरडायची, "का, बाई? का, बाई?" त्याचंच पुढे काबाई झालं. पहिल्यांदा ती पोरांच्या अंगावर धावून गेली. मग तिने विचार केला, यात वाईट काय आहे? आणि कोणी हाक मारली की सरळ ओ द्यायला लागली. चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छपरं, तंबू, मालाची झाकणं असं सगळं तिथे शिवलं जाई. ताडपत्रीचं कापड अंगावर घेतलं की जिवंत जनावरासारखं ओढाताण करतं. मेण लावलेला दोरा बोटं कापतो, आणि कडेला पितळी कड्या ठोकताना हातोडी एकदा तरी अंगठ्यावर बसतेच. काबाई हे सगळं शिकली आणि कोपऱ्यांची कारागीर झाली. ताडपत्री फाटते ती कोपऱ्यात आणि गळते तीही कोपऱ्यात, त्यामुळे ते काम ऐऱ्यागैऱ्याला देत नसत. पण प्रश्न विचारायची खोड काही गेली नाही. मालकाने नवीन पद्धत सांगितली की शेडमधल्या सगळ्या बायका आधी काबाईकडे बघत. ती आता तोंड उघडणार हे ठरलेलं असे.

तिचा नवरा न्हावी. त्याच्या दुकानात लोक डोकं हलकं करायला येत आणि कान भरून घेऊन जात. बोलायला मऊ, भांडायला आळशी असा माणूस. "आमच्या घरात भांडण एकटीलाच करावं लागतं," अशी तिची तक्रार असायची. एक मुलगा झाला, तो शिकून कचेरीत लागला, त्याचं लग्न झालं, सून आली. म्हणजे आता काबाईने दमाने घ्यावं, असं सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

पन्नाशीला आली तेव्हा एका संध्याकाळी कारखान्यातून परतताना तिला त्याच जुन्या शाळेच्या फाटकावर पाटी दिसली. मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग, दहावीची तयारी, वयाची अट नाही. ती थांबली, पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि तशीच मेणाच्या हातांनी आत गेली.

कारकुनाने विचारलं, "नातवाचं नाव घालायचंय का?"

"माझं."

"बरं. शाळा कितवीत सोडली?"

"मी नाही सोडली," काबाई म्हणाली. "तुमच्या शाळेने मला काढलं. आठवीत."

घरी ही बातमी कळल्यावर मुलगा जेवता जेवता थांबला. "आई, आता या वयात? लोक हसतील."

"हसू देत. दात त्यांचे आहेत, मी कशाला मोजू?"

नवऱ्याने जरा बाजूने विषय काढला. "तसं नाही गं. पण आता याचा उपयोग काय?"

"तुम्ही लोकांच्या दाढ्या करता. त्या पुन्हा वाढतातच की. मग उपयोग काय?"

सुनेने खाली बघून हसू दाबलं आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक न सांगता आपल्याकडे घेतला.

वर्गाचे मास्तर काबाईच्या मुलाहून लहान होते. बारीक अंगाचे, घाईत बोलणारे. शर्टाच्या खिशात खडू ठेवायची सवय, त्यामुळे छातीवर कायम एक पांढरा डाग. वर्गात ट्रकचालक होते, रखवालदार होते, दवाखान्यातली एक आया होती. सगळे दिवसभराचे दमलेले, मागच्या बाकांवर पेंगणारे. काबाई पहिल्या बाकावर बसायची. "मागचा बाक बघून झालाय," म्हणायची.

बाकीचं गणित तिने रेटलं. बेरजा-वजाबाक्या, टक्केवारी, व्याज, काही अडलं नाही. मग भूमिती आली. एके दिवशी मास्तरांनी फळ्यावर एक उंच खांब काढला, शेजारी एक काठी काढली, दोघांच्या सावल्या काढल्या आणि सांगितलं की न चढता उंची कशी काढायची ते आता बघू.

"सूर्य एकच. त्याचे किरण खांबावर पडतात त्याच तिरकेपणाने काठीवर पडतात. म्हणजे काठी आणि तिची सावली यांचा हा छोटा त्रिकोण, आणि खांब आणि त्याची सावली यांचा हा मोठा त्रिकोण. दोघांचा आकार एकच, नुसता लहान-मोठा. काठीची सावली काठीच्या दुप्पट असेल, तर खांबाची सावलीही खांबाच्या दुप्पट. सावली मोजा, निम्मी करा, उंची हातात."

"का?" काबाई म्हणाली.

मागे कोणीतरी खुसखुसलं. मास्तरांनी खडू खाली ठेवला. "कुठे अडलं, मावशी?"

"काठी माझ्या हातात आहे. ती मी मोजली, तिची सावली मोजली. दोन्हीचा मेळ बसला, ते पटलं. पण खांब कोणी मोजलाय? मेळ तिथेही बसतो हे कशावरून? तुम्ही सांगता म्हणून?"

"मी नाही, त्रिकोण सांगतात. आकार सारखा असला की..."

"समजा, असंच ना?"

तो शब्द तिने असा उच्चारला की मास्तरांना काहीतरी लक्षात आलं. काय ते त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी तिला बाहेर काढलं नाही. म्हणाले, "समजू नका. रविवारी सकाळी मैदानावर या. टाकी मोजू."

टाकी शाळेच्या मागेच होती. पाणीपुरवठ्याची. मधे एक जाड गोल खांब आणि त्याच्या डोक्यावर रुंद, सपाट माथ्याची टाकी. लांबून बघितलं तर एखादं भलंमोठं अळंबं उगवल्यासारखं दिसे. गावात कुठूनही दिसायची. पत्ता सांगताना लोक टाकीच्या अलीकडे आणि टाकीच्या पलीकडे असंच सांगत.

रविवारी वर्गातले बरेच जण आले. मास्तरांनी मीटरभर काठी जमिनीत सरळ रोवली. तिची सावली दीड मीटर भरली. मग मोजपट्टीचं एक टोक खांबाच्या भिंतीला लावून ते सावलीच्या टोकापर्यंत गेले. तेहतीस मीटर. काठीवर हिशेब केला, तेहतिसाला दीडने भागलं.

"बावीस!" ट्रकचालकाने ओरडून सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. न चढता एवढी थोरली टाकी मोजली म्हणून सगळे खूश होते. आया तर टाकीकडे अशी बघत होती, जणू टाकीने आपलं वय कबूल केलंय.

काबाईने टाळी वाजवली नाही. "बावीस हे तुमच्या काठीने सांगितलं. टाकीला कोणी विचारलंय?"

"मावशी, टाकीला कसं विचारणार?"

"दोरी सोडून," काबाई म्हणाली.

टाकीवर जायची किल्ली पाणीवाल्याकडे असायची. हा माणूस रोज येऊन पाणी सोडायचा आणि उरलेला वेळ खांबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचा. काबाई त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने आधी ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग म्हणाला, "वर जायला मनाई आहे."

"कोणाला?"

"सगळ्यांना. आणि बायकांना तर नक्कीच."

"ते कुठे लिहिलंय?"

जिन्याच्या दारावरच्या पाटीवर 'कामाशिवाय प्रवेश नाही' एवढंच होतं. काबाईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. पाणीवाला म्हणाला, "तेच ते. तुमचं काय काम आहे वर?"

ती त्या दिवशी परतली, पण हात हलवत परतणाऱ्यातली ती नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने मान वर करून टाकी नीट बघितली. माथ्यावर काहीतरी निळं फडफडत होतं. संध्याकाळी ती पुन्हा पाणीवाल्यापुढे उभी.

"वर ते फडफडतंय काय?"

पाणीवाला कुरकुरला. "माणूस उतरतो त्या तोंडावरचं झाकण मोडलंय. वर ताडपत्री बांधली होती, तीही वाऱ्याने फाटली. कबुतरं आत जातात. कितीदा कळवलं, कोणी येतच नाही."

"मी आलेय की."

"तुम्ही?"

"कोपरे शिवते मी. पण माप घेतल्याशिवाय ताडपत्री शिवता येत नाही, आणि माप इथे खाली उभं राहून घेता येत नाही. आता सांग भाऊ, काम आहे की नाही माझं?"

पाणीवाल्याने डोकं खाजवलं. कबुतरांनी त्याला खरंच पिडलं होतं. "रविवारी या," तो म्हणाला. "पण मी पुढे चढणार. आणि चक्कर आली तर मला दोष द्यायचा नाही."

आता हे सांगायला हवं की काबाई आयुष्यात कधी उंचावर गेली नव्हती. शेडमधल्या माळ्यावर चढायचं म्हटलं तरी ती दुसऱ्या कोणाला पाठवायची. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

खांबाच्या आत लोखंडी जिना गोल गोल वर जात होता. अंधार, ओलसर भिंत, पायाखाली जाळीच्या पायऱ्या, आणि जाळीतून खाली बघितलं की खोल काळं भोक. काबाईच्या खांद्याला दोरीचं वेटोळं होतं आणि कमरेला कापड दाबून धरायचं लोखंडी वजन बांधलं होतं. निम्म्यावर ती मटकन पायरीवर बसली आणि कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

वरून पाणीवाला म्हणाला, "मावशी, राहू द्या. उतरा खाली. कोणी काही म्हणणार नाही."

"तेच तर," काबाई दम खात म्हणाली. "मागेही कोणी काही म्हणालं नाही. निम्म्यावरून उतरणं मला एकदा पुरलं."

ती उठली. डोळे पुढच्या पायरीवर ठेवून, एक हात कठड्यावरून न काढता, वर पोचली.

माथ्यावर छातीएवढा कठडा होता आणि भन्नाट वारा. आधी तिने कामाचं काम केलं. फाटक्या ताडपत्रीचं माप घेतलं, कड्या कुठे बसवायच्या ते खडूने आखलं. मग कठड्याशी गेली आणि पहिल्यांदा खाली बघितलं. तिला काहीतरी ओळखीचं दिसलं. बाजाराच्या रस्त्यावर दुकानांपुढे हिरवी, निळी छपरं पसरली होती. मालधक्क्यावर ट्रक उभे होते, सगळे झाकलेले. इतकी वर्षं हे सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं, पण तिने ते कधी एकत्र बघितलं नव्हतं. शेडमधून एकेक घडी करून बाहेर जाई, आणि घडी केलेली ताडपत्री म्हणजे नुसतं गाठोडं. ती कठड्यावरून आणखी पुढे वाकली. पाणीवाल्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. त्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं छप्पर मालकाने उलटं बांधलंय."

मग ज्या बाजूला टाकीची सावली पडली होती त्या बाजूला कठड्याच्या कडेवरून तिने वजन खाली सोडलं. दोरी मेण लावलेली, न ताणणारी. खाली वर्गातल्या काही जणांना घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांनी हात हलवून वजन टेकल्याची खूण केली, तिने कडेपाशी दोरीला गाठ मारली.

खाली आल्यावर मास्तरांनी स्वतः दोरी मैदानावर पसरून मोजली. चेहरा पडला. पुन्हा मोजली.

वीस मीटर.

"बावीस कुठे गेले?" काबाईने विचारलं. "तुमचा त्रिकोण खोटा आहे, मास्तर."

"त्रिकोण खोटा नसतो, मावशी. वाऱ्याने दोरी हलली असेल."

"हलली तर जास्त भरेल, कमी कशी भरेल?"

"मग वर गाठ मारताना..."

"माझ्या गाठीला नावं ठेवायची नाहीत!" काबाई कडाडली. "या गाठीवर ट्रक उभे आहेत. दोरी वर जाऊन आली. तुमचं पुस्तक गेलं होतं का वर?"

रखवालदाराने दोघांच्या मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. काबाई दोरी गुंडाळून निघून गेली. सोमवारी ती वर्गात आली नाही. मंगळवारी नाही. नवऱ्याला बोलली, "खोटं शिकायला मी कशाला जाऊ?" पण रात्री ती नीट जेवली नाही, हे त्याने बघितलं. खरं सांगायचं तर तिला आपण जिंकलो असं वाटतच नव्हतं. त्रिकोण खोटा निघाला तर इतक्या वर्षांनी शाळेत परत जाऊन तिने मिळवलं काय? तिला तो खरा असायला हवा होता. फक्त कोणाच्या सांगण्यावरून नको होता.

मास्तरांचीही तीच गत. मीटरभर चूक असती तर त्यांनी झटकून टाकली असती. दोन मीटर फार होतात. त्यांनी टाकी कागदावर पुन्हा पुन्हा काढली. बुधवारी दुपारी ते सरळ कारखान्यात आले. शेडमधली यंत्रं एकेक करून थांबली. बायकांना वाटलं, काबाईला पुन्हा शाळेतून काढलं.

"मावशी, एकच सांगा," मास्तर म्हणाले. "वजन जमिनीवर कुठे टेकलं होतं?"

"सावलीच्या बाजूला. मातीत खड्डा पडलाय त्याचा."

"खांबाला लागून?"

"छे! खांबापासून चांगलं लांब. टाकी वर रुंद आहे ना, कडेवरून सोडलेली दोरी खांबाजवळ कशी येईल?"

बोलता बोलता ती थांबली. मास्तरही थांबले.

"आपण मोजपट्टी खांबापासून लावली," मास्तर हळूच म्हणाले. "पण सावलीचं टोक खांबाचं नव्हतंच. ते वरच्या कडेचं होतं."

"आणि कड तर खांबाच्या पुढे आलेली आहे."

"म्हणजे मोजायचं कडेच्या बरोबर खालून. तुमचं वजन टेकलं तिथून. चूक त्रिकोणाची नाही, मावशी. माझी आहे. त्रिकोणाचा कोपराच मी चुकीच्या जागी धरला."

कोपरा हा शब्द काबाईच्या कानात बरोबर शिरला. तरी ती म्हणाली, "असेल. मोजून बघू."

सुट्टी झाल्यावर दोघं मैदानावर गेले. खांबापासून वजनाच्या खड्ड्यापर्यंत तीन मीटर भरले. पहिल्या रविवारच्या तेहतिसातून तीन गेले, उरले तीस. तीसला दीडने भागलं की वीस. मास्तर आनंदाने उडी मारायच्या बेतात होते. काबाईने मान हलवली. "हे कागदावर. आता रविवारी पुन्हा, पहिल्यापासून."

रविवारी ते उशिरा जमले. सूर्य वर चढला होता, सावल्या आखडल्या होत्या. मीटरभर काठीची सावली बरोबर मीटरभर होती. मास्तर वजनाच्या खड्ड्यापासूनच मोजपट्टी लावायला गेले. पण सावली आता टाकीच्या वेगळ्या अंगाला सरकली होती, तेव्हा काबाईनेच त्यांना अडवलं. "थांबा. खड्डा इथे, सावली तिथे. कड गोल आहे. खड्डा फिरवायला लागेल." मग तिने खांबापासून तीन मीटर नव्या सावलीच्या दिशेने घेतले, तिथे टाच रुतवली आणि तिथून सावलीच्या टोकापर्यंत मोजलं.

वीस.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे काबाईकडे बघत होते. ती मोजपट्टी हातात धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"मी त्रिकोणाला खोटा म्हणाले, ते मागे घेते," ती म्हणाली. "दोरीला खोटी म्हणालात, ते तुम्ही मागे घ्या."

"घेतलं," मास्तर म्हणाले.

नवऱ्याला ही गोष्ट इतकी आवडली की दुकानात येईल त्याला तो ती सांगायला लागला. आपली बायको टाकीवर कशी चढली, दोरी कशी सोडली, मास्तर कसे चक्रावले. एके दिवशी गालभर साबण लावून बसलेल्या एका गिऱ्हाईकाला त्याने ती साग्रसंगीत सांगितली. तोंडाला साबण असल्यामुळे ते गिऱ्हाईक काही बोललं नाही. ते संध्याकाळच्या वर्गांचे पर्यवेक्षक साहेब होते.

दोन दिवसांनी साहेब वर्गात आले.

"टाकीवर चढलेल्या बाई कोण?"

"मी," काबाई बसूनच म्हणाली.

"उभं राहून बोला."

"दिवसभर उभीच असते, साहेब. बसायला म्हणून तर इथे येते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शिस्तीवर बरंच बोलून घेतलं. उद्या कोणी पडलं असतं तर वर्ग बंद करावा लागला असता. असल्या विद्यार्थ्यांचं नाव कमी करावं लागतं. शेवटी दाराकडे बोट करून म्हणाले, "तुम्ही आत्ता घरी जा."

मास्तर उठले. "साहेब, चूक माझी आहे."

"मास्तर, तुम्ही बसा," काबाई म्हणाली. "तुमची चूक मोजपट्टी लावण्यात होती, ती आपण सुधारली. ही भानगड वेगळी आहे." मग ती साहेबांकडे वळली. "मी टाकीवर गेले ती पाण्याच्या खात्याच्या माणसाबरोबर, ताडपत्रीचं माप घ्यायला. ती शिवून बसवलीही. आता कबुतरं पाण्यात पडत नाहीत. तुमच्या घरी नळाला तेच पाणी येतं ना?"

मागच्या बाकावर ट्रकचालकाला खोकल्याची उबळ आली.

"माफी लिहून द्या," साहेब म्हणाले. "मग बघतो."

"कशाची माफी? उंचीची?"

"बाहेर व्हा!"

"नाही होत," काबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "याच शाळेने मला बाहेर हो म्हटलं होतं. तेव्हा मी पोर होते, निमूट उठले आणि गेले. वाटलं, मोठी माणसं सांगतात म्हणजे जायचं असतं. आता मीच मोठी झालेय. तुम्हाला उचलून न्यायचं तर न्या. पण मी जड आहे, आधीच सांगते."

साहेब उभे राहिले. काबाई बसून राहिली. वर्गात कोणाची पेंग उरली नव्हती. शेवटी साहेब वळले आणि "बघून घेईन" म्हणत निघून गेले. नाव कमी करायला तीन सह्या लागत होत्या आणि तिसऱ्या सहीचे मालक लांब रजेवर होते. तोवर परीक्षेचे फॉर्म भरून झाले. मास्तरांना मात्र लेखी ताकीद मिळाली, आणि ती कुणाला पुसता आली नाही. काबाईला हे लागलं. ती दोनदा साहेबांच्या कचेरीत जाऊन भांडून आली; काही उपयोग झाला नाही. मास्तर म्हणायचे, "सोडा हो, मावशी." ती सोडायची नाही.

परीक्षेत मनोऱ्याच्या सावलीचं गणित आलं. तिने ते सोडवलं आणि उत्तराखाली लिहिलं: 'मनोरा वर रुंद नसेल तरच हे खरं. रुंद असेल तर कडेखालून मोजावे.' त्याचे गुण मिळाले की कापले गेले, कळायला मार्ग नाही. गणितात ती चांगली पास झाली.

भाषेच्या पेपरात नापास झाली. निबंधाचा विषय होता 'माझी आवडती शाळा', आणि तिने लिहिलं होतं की मला एकच शाळा मिळाली, त्यामुळे आवडती-नावडती हा प्रश्न येत नाही. पुढे काही लिहिण्यासारखं तिला वाटलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "जाऊ दे, आई. तुला भूमितीचंच पडलं होतं ना? झालं की."

"निम्मं झालं."

"लोक काय म्हणतील, एका निबंधासाठी पुन्हा..."

नवरा वस्तऱ्याला धार लावत होता. तो पहिल्यांदाच मध्ये बोलला. "लोकांचं माझ्यावर सोड. ते सगळे माझ्याच खुर्चीत बसतात, आणि तेव्हा वस्तरा माझ्या हातात असतो."

काबाईने त्याच्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात भांडणात तिला कधी जोडीदार मिळाला नव्हता. "अहो, चहा गार होतोय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात जायच्या आधी शाळेत गेली. कचेरी उघडायला अवकाश होता. तिने पायरीवर बसून डबा उघडला आणि जेवून घेतलं. कारकून आला, कुलूप काढता काढता तिला ओळखून थबकला.

"पुन्हा?"

"पुन्हा," काबाई म्हणाली, हात झटकले आणि त्याच्या आधी आत गेली.